थेम्स पुन्हा जिवंत कशी झाली?

वर्गात ‘नदी कशामुळे दूषित होते?’ असा प्रश्न विचारला, तर बहुतेक मुले सर्वप्रथम कारखान्यांचे नाव घेतात. ते चुकीचे नाही. पण शहरांजवळच्या नद्यांमध्ये येणाऱ्या सांडपाण्यात आकारमानाने सर्वात मोठा वाटा बहुतेक ठिकाणी आपल्या घरांतून निघणाऱ्या मैलापाण्याचाच असतो. या पाण्यात विषारी असे फारसे काही नसते. असते ते मुख्यतः अन्नाचे व विष्ठेचे अवशेष. मग एवढ्याने नदी मरते कशी? आणि मेलेली नदी पुन्हा जिवंत होऊ शकते का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे लंडनच्या थेम्स नदीच्या इतिहासात सापडतात. गेल्या पावणेदोनशे वर्षांत ही नदी दोनदा नासली आणि दोनदा सावरली. पहिल्या वेळी माणसांनी मैल्याची फक्त जागा बदलली. दुसऱ्या वेळी मैलापाण्यावर खरोखर प्रक्रिया केली. या दोहोंतला फरक समजून घेण्यासाठी आपण हा इतिहास पाहणार आहोत.

फॅरडेचे कागदी तुकडे

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लंडनमधला मैला घराखालच्या खड्ड्यांत साठवला जाई आणि तो उपसून गाड्यांनी शहराबाहेर शेतात नेला जाई. रस्त्यांखालची गटारे केवळ पावसाच्या पाण्यासाठी होती. १८१५ मध्ये घरांचे सांडपाणी या गटारांत सोडण्याची परवानगी मिळाली. पुढे पाण्याने धुऊन जाणारे संडास वाढले, तसे खड्डे भरून वाहू लागले. ‘दुर्गंधीयुक्त हवेतून रोग पसरतात’ अशी त्या काळच्या बहुतेक वैद्यकतज्ज्ञांची समजूत होती. म्हणून १८४८ नंतर खड्डे बुजवून घरे गटारांना जोडण्याची सक्ती झाली. घरे स्वच्छ झाली, पण गटारे उघडत होती ती थेट थेम्समध्ये. आणि त्याच नदीचे पाणी शहरातले अनेक लोक पीत होते.

जुलै १८५५ मध्ये मायकेल फॅरडे बोटीने थेम्समधून चालला होता. नदीच्या पाण्याचा रंग पाहून त्याने एक साधा प्रयोग केला. पांढऱ्या कार्डाचे तुकडे फाडून ते ओले केले आणि बोट जिथे जिथे धक्क्याला लागे तिथे तिथे ते पाण्यात सोडले. लख्ख ऊन होते, तरीही इंचभर खोल जाण्याआधीच तुकडे दिसेनासे होत. फॅरडेने हे निरीक्षण लंडनच्या ‘टाइम्स’ या दैनिकाला पत्राने कळवले. कोणतेही उपकरण न वापरता पाण्याचा गढूळपणा मोजण्याचा हा प्रयोग आजही शाळेत सांगण्याजोगा आहे.

तीन वर्षांनी, १८५८ च्या कडक उन्हाळ्यात, नदीची दुर्गंधी इतकी वाढली की काठावरच्या पार्लमेंटच्या इमारतीत खिडक्यांवर चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवलेले पडदे टांगावे लागले. कित्येक वर्षे रेंगाळलेला प्रश्न तेव्हा कुठे खासदारांच्या नाकापर्यंत पोहोचला. तीन आठवड्यांच्या आत कायदा मंजूर झाला आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याच्या योजनेला पैसा मिळाला.

जागा बदलली, मैला तोच

बॅझलजेटची योजना भव्य होती. नदीला समांतर अशा विटांच्या मोठ्या गटारवाहिन्या त्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे बांधल्या. नदीकडे निघालेले मैलापाणी या वाहिन्या वाटेतच अडवत आणि उताराने शहराच्या खाली वाहून नेत. या मुख्य वाहिन्यांची एकूण लांबी सुमारे १३० किलोमीटर होती. उत्तर काठावर बेक्टन आणि दक्षिण काठावर क्रॉसनेस ही त्यांची टोके. क्रॉसनेसचे वाफेवर चालणारे उदंचन केंद्र १८६५ मध्ये सुरू झाले. मैलापाणी हौदांत साठवायचे आणि ओहोटी लागली की नदीत सोडायचे, म्हणजे ते समुद्राकडे निघून जाईल, असा हिशोब होता.

लंडनचे आरोग्य यामुळे निश्चित सुधारले. १८६६ मध्ये पटकीची जी शेवटची मोठी साथ आली, ती मुख्यतः शहराच्या पूर्व भागात. तिथे नव्या गटारांचे काम अजून पूर्ण झाले नव्हते. पटकी दूषित पाण्यातून पसरते हे जॉन स्नो या डॉक्टरने १८५४ मध्येच दाखवले होते. त्याला या घटनेने दुजोरा मिळाला.

पण नदीच्या बाजूने पाहिले तर काय झाले? मैलापाणी शुद्ध करण्याची कसलीच सोय या योजनेत नव्हती. थेम्सच्या मुखाकडच्या भागात भरती-ओहोटी असते. ओहोटीबरोबर खाली गेलेले पाणी पुढच्या भरतीला बरेचसे परत येते. त्यामुळे मैलापाण्याला समुद्र गाठायला उन्हाळ्यात कित्येक आठवडे लागत. तोपर्यंत ते तिथेच झोके घेत राही.

याची भयानक जाणीव ३ सप्टेंबर १८७८ रोजी झाली. ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही सहलीची आगबोट याच टापूत दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे मेली. थोड्याच वेळापूर्वी बेक्टन व क्रॉसनेस येथून मैलापाणी सोडलेले होते. वाचलेल्यांनी पाण्याच्या घाणीविषयी जे सांगितले, त्याने लोकमत हादरले. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाच्या शिफारशींनुसार मैलापाण्यात चुना व लोहाचे क्षार घालून त्यातील गाळ खाली बसवण्यात येऊ लागला. १८८७ पासून हा गाळ जहाजांत भरून समुद्रात नेऊन टाकला जाऊ लागला. पहिल्या जहाजाचे नावही ‘बॅझलजेट’ असेच होते. ही प्रथा १९९८ पर्यंत, म्हणजे शंभरहून अधिक वर्षे, चालू राहिली.

गाळ निघाल्याने नदी काहीशी सुधारली आणि काही मासे परतले. परंतु मैलापाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ चुन्याने निघत नाहीत. ते नदीतच जात राहिले. त्यांचे पुढे काय होते हे समजण्यासाठी आपल्याला नदीतील प्राणवायूचा जमाखर्च पाहावा लागेल.

नदीचा जमाखर्च

पाण्यात प्राणवायू फारच थोडा विरघळतो. २७ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात तो जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास राहू शकतो. पाणी तापले की हे प्रमाण आणखी घटते. नदीतील मासे, किडे, अळ्या सर्वांचा श्वास या तुटपुंज्या साठ्यावर चालतो.

मैलापाण्यातील सेंद्रिय पदार्थ हे जीवाणूंचे अन्न आहे. ते नदीत येताच जीवाणूंची संख्या झपाट्याने वाढते आणि अन्नाचे ज्वलन करण्यासाठी हे जीवाणू पाण्यातला प्राणवायू वापरू लागतात. म्हणजे माशांना मैला मारत नाही. मैल्यावर पोसलेले जीवाणू त्यांचा प्राणवायू संपवतात, म्हणून मासे मरतात.

आता एक सोपे गणित करू. एका माणसाच्या दिवसभराच्या मैलापाण्याला कुजण्यासाठी ढोबळमानाने ५० ग्रॅम प्राणवायू लागतो. एका लिटरमध्ये ८ मिलिग्रॅम धरले, तर एक माणूस दिवसाला ६,२५० लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकतो. दहा लाख वस्तीच्या शहरासाठी हा आकडा रोज ६२५ कोटी लिटर होतो, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ७२ हजार लिटर. उन्हाळ्यात आपल्या किती नद्यांमधून एवढे पाणी वाहते?

नदीला हवेतून नवा प्राणवायू सतत मिळत असतो. उथळ, खळाळत्या भागात जास्त, संथ व खोल भागात कमी. त्यामुळे मैला थोडा असेल तर नदी काही अंतरावर सावरते. नाला मिळतो त्या जागेच्या खाली प्राणवायू घसरत जातो, तळ गाठतो आणि पुढे हळूहळू पुन्हा चढतो. या वक्राचे गणित स्ट्रीटर व फेल्प्स या दोघांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासातून मांडले. पण मैला खूप असेल तर प्राणवायू शून्यावर येतो. मग जीवाणू आधी पाण्यातील नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात. नायट्रेटही संपले की सल्फेटची पाळी येते आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू निर्माण होतो. नदी काळी पडते आणि घाण वास मारू लागते ती या टप्प्यावर. काळा रंग हा प्रामुख्याने लोहाच्या सल्फाइडचा असतो.

कोणत्या पाण्याला किती प्राणवायू लागेल हे मोजण्याची रीतही इंग्लंडमध्येच ठरली. १८९८ मध्ये तिथे मैलापाण्याच्या विल्हेवाटीसाठी एक शाही आयोग नेमला गेला. पाणी बाटलीत काठोकाठ भरून बूच लावायचे, ठरावीक तापमानाला पाच दिवस ठेवायचे आणि सुरुवातीच्या व शेवटच्या प्राणवायूतला फरक काढायचा, ही ती रीत. या फरकालाच आज आपण ‘बीओडी’, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणतो. इंग्लंडच्या नद्या आखूड, त्यांचे पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळते, म्हणून पाच दिवस निवडले असे सांगितले जाते. आपल्या उष्ण प्रदेशात जीवाणूंचे काम वेगाने चालते. म्हणून भारतात हीच चाचणी २७ अंश तापमानाला तीन दिवस करतात.

१९१२ च्या आठव्या अहवालात आयोगाने नदीत सोडायच्या पाण्यासाठी मर्यादा सुचवली. नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी मिसळत असेल, तर लिटरमागे बीओडी २० मिलिग्रॅम आणि तरंगता गाळ ३० मिलिग्रॅम यापेक्षा जास्त असू नये. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी साधारण २०० ते ३०० असतो. तो २० वर आणायचा कसा, हा प्रश्न उरला होता.

मँचेस्टरच्या बाटल्या

या प्रश्नाकडे पाहण्याची दिशा बदलण्यात लंडनचा रसायनतज्ज्ञ विल्यम डिब्डिन याचा मोठा वाटा आहे. त्या काळी जीवाणू म्हणजे शत्रू, त्यांना मारून मैला कुजण्यापासून रोखायचा, असा अनेकांचा विचार होता. डिब्डिनचे म्हणणे नेमके उलट होते. जीवाणूंना त्यांचे काम करू द्यावे. फक्त ते नदीत होण्याऐवजी आपण ठरवू त्या जागी व्हावे. या विचारातून दगड-खडीच्या थरांवरून मैलापाणी झिरपवण्याच्या पद्धती निघाल्या. खडीवर जीवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो आणि तो पाणी शुद्ध करतो. पण त्यासाठी जागा फार लागते.

पुढचे पाऊल मँचेस्टरजवळच्या डेव्हीह्यूम येथील मैलापाणी केंद्रात पडले. तिथले सल्लागार रसायनतज्ज्ञ गिल्बर्ट फाउलर १९१२ मध्ये अमेरिकेत गेले असता, लॉरेन्स येथील प्रयोगशाळेत हवा सोडलेल्या बाटल्यांमधले मैलापाणी निवळताना त्यांनी पाहिले. परतल्यावर त्यांनी डेव्हीह्यूमच्या एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांना ही दिशा सुचवली. या दोघांनी मैलापाण्यात सतत हवेचे बुडबुडे सोडले. पूर्ण शुद्धीकरणाला सुमारे पाच आठवडे लागले. एवढा वेळ लागणारी पद्धत व्यवहारात निरुपयोगी होती.

इथे त्यांनी एक छोटीशी पण निर्णायक गोष्ट केली. वरचे नितळ पाणी ओतून दिले, तळाचा तपकिरी गाळ मात्र तसाच ठेवला आणि त्यावर नवे मैलापाणी ओतले. या वेळी काम लवकर झाले. पुन्हा तेच केले, आणखी लवकर झाले. दर फेरीला गाळ साठत गेला, वेळ कमी होत गेला आणि अखेर आठवड्यांचे काम चोवीस तासांच्या आत होऊ लागले. पूर्वी जो गाळ टाकून दिला जाई, तोच खरा कामगार होता. तो जिवंत जीवाणूंचा समूह होता. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरमध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला आणि या गाळाला ‘सक्रिय गाळ’ असे नाव दिले. विरजणाची उपमा मुलांना चटकन समजेल. थोडे दही मागे ठेवले तर पुढचे दूध लवकर विरजते, तसेच हे.

फाउलर यांचा आपल्या देशाशीही संबंध आहे. १९१६ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले आणि भारतात जीवरसायनशास्त्राच्या संशोधनाची पायाभरणी करणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते.

आजही जगातील असंख्य शहरांची केंद्रे याच तत्त्वावर चालतात. मैलापाणी प्रथम जाळ्यांमधून जाते. तिथे चिंध्या, प्लास्टिक अडते. मग वाळू खाली बसते. पहिल्या टाकीत जड घन पदार्थ निवळतात. त्यानंतर येतो हवेचा हौद. तिथे सक्रिय गाळ आणि मैलापाणी एकत्र ढवळले जाते व यंत्राने हवा सोडली जाते. शेवटच्या टाकीत गाळ खाली बसतो, नितळ पाणी वरून बाहेर पडते. बसलेला बराचसा गाळ पुन्हा हवेच्या हौदात नेतात आणि जास्तीचा काढून कुजवतात. त्यातून निघणारा मिथेन वायू इंधन म्हणून वापरता येतो. म्हणजे नदीत काही दिवसांत, कित्येक किलोमीटरच्या प्रवासात जे घडले असते, ते इथे काही तासांत एका हौदात घडवले जाते. फरक एवढाच की प्राणवायूचा खर्च नदीच्या खात्यावर न पडता विजेच्या बिलावर पडतो.

नदीचे दुसरे मरण आणि पुनर्जन्म

तत्त्व १९१४ मध्ये सापडले, तरी लंडनने ते पुरेशा प्रमाणात वापरायला अर्धे शतक लावले. लोकसंख्या वाढत गेली, प्रक्रिया मात्र अपुरीच राहिली. दुसऱ्या महायुद्धात गटारांचे व केंद्रांचे नुकसान झाले. वीजकेंद्रांच्या गरम पाण्याने प्राणवायू आणखी घटला. युद्धानंतर जे नवे धुलाई पदार्थ आले, ते जीवाणूंना सहजी पचत नसत. त्यांचा फेस साचे आणि हवेतून पाण्यात प्राणवायू मिसळण्याचा वेगही मंदावे. १९५० च्या दशकात उन्हाळ्यात थेम्सच्या लांबच लांब पट्ट्यात प्राणवायू शून्य असे. १९५७ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या तज्ज्ञांनी नदीचा हा भाग जीवशास्त्रीय दृष्ट्या मृत असल्याचे सांगितले. क्यूपासून ग्रेव्हझेंडपर्यंत ईल सोडून मासे जवळजवळ नव्हतेच.

१९५१ मध्ये नेमलेल्या समितीने दहा वर्षे अभ्यास करून १९६१ मध्ये अहवाल दिला. प्रदूषणाचा मुख्य भार मोठ्या मैलापाणी केंद्रांमधून येतो, हे त्यातून स्पष्ट झाले. मग क्रॉसनेसचे नवे केंद्र १९६४ मध्ये सुरू झाले आणि बेक्टनचा मोठा विस्तार १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पूर्ण झाला. बेक्टनमध्ये केवळ सेंद्रिय पदार्थांचेच नव्हे, तर अमोनियाचेही नायट्रेटमध्ये रूपांतर होऊ लागले. हे काम करणारे जीवाणू फार सावकाश वाढतात, म्हणून गाळ जास्त दिवस राखावा लागतो आणि हौदही मोठे लागतात. पण त्याचा फायदा दुहेरी झाला. अमोनियासाठी नदीतला प्राणवायू खर्च होईना, आणि नायट्रेट शिल्लक राहिल्याने सल्फेटपर्यंत पाळी जाईना. दुर्गंधी थांबली.

याची साक्ष माशांनीच दिली. काठावरची वीजकेंद्रे थंड करण्यासाठी नदीचे पाणी आत घेत; त्या पाण्याच्या जाळ्यांवर १९६० च्या दशकात मासे अडकलेले दिसू लागले. संशोधकांनी या जाळ्यांवरच माशांची मोजदाद सुरू केली. नोव्हेंबर १९७४ मध्ये वेस्ट थरॉक येथील वीजकेंद्राच्या जाळ्यावर एक सामन मासा सापडला. सामनला भरपूर प्राणवायू लागतो. थेम्समध्ये त्याची याआधीची नोंद १८३३ ची होती. २०२१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने दिलेल्या अहवालात भरतीच्या टापूतील माशांच्या ११५ जातींची नोंद आहे.

गोष्ट इथे संपली असे मात्र नाही. त्याच अहवालात नदीतील नायट्रेट वाढत असल्याचेही म्हटले आहे. नेहमीच्या प्रक्रियेत अमोनियाचे नायट्रेट होते, पण ते नायट्रेट पाण्यातून जात नाही. शिवाय बॅझलजेटच्या वाहिन्यांमध्ये पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकत्रच वाहते. पाऊस पडला की वाहिन्या भरून मैलापाणी पुन्हा थेट नदीत सांडत असे; हे प्रमाण वर्षाला सुमारे ३.९ कोटी टन होते. ते अडवण्यासाठी नदीखाली २५ किलोमीटर लांबीचा महाबोगदा खोदण्यात आला. त्याच्या सर्व जोडण्या फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्ण झाल्या.

आपल्या नदीसाठी चार प्रश्न

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार भारतातील शहरांमधून रोज सुमारे ७,२३७ कोटी लिटर मैलापाणी निघते. उभारलेल्या केंद्रांची क्षमता सुमारे ३,१८४ कोटी लिटर आहे, पण प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती सुमारे २,०२४ कोटी लिटरवर, म्हणजे शेकडा २८ भागांवर. क्षमता आणि प्रत्यक्ष काम यांच्यातली ही दरी विशेष लक्ष देण्याजोगी आहे. गटारे जोडलेलीच नसली तर केंद्र अर्धे रिकामे राहते. वीज गेली आणि हवा बंद पडली, तर हौदातल्या जीवाणूंची अवस्था नदीतल्या माशांसारखीच होते. गाळ पुन्हा पूर्ववत व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. केंद्राचे उद्घाटन एकदाच होते, पण आतल्या जिवंत गाळाला रोज जपावे लागते.

शिक्षकांना आमची सूचना अशी की, नववी-दहावीच्या मुलांनी आपल्या गावासाठी चार प्रश्नांची उत्तरे शोधावीत. गावाला रोज किती पाणीपुरवठा होतो? (त्याच्या सुमारे ८० टक्के मैलापाणी होते असे धरतात.) त्यातले किती केंद्रापर्यंत पोहोचते? केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी किती असतो? आणि पहिल्या मोठ्या पावसात काय होते? उत्तरे नगरपालिकेत आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोंदींत मिळू शकतात. आपल्याकडे स्नानासाठीच्या नदीपात्रात लिटरमागे बीओडी ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा असा निकष आहे. मिळालेले आकडे त्याशेजारी मांडावेत. शक्य असेल तर परवानगी घेऊन केंद्राची भेटही ठरवावी. कच्च्या मैलापाण्याला मात्र मुलांना हात लावू देऊ नये.

मृत ठरवलेल्या थेम्समध्ये सतराच वर्षांनी सामन सापडला. त्यासाठी लागणारे तत्त्व मात्र त्याच्या साठ वर्षे आधीपासून पुस्तकात होते. आपल्या नद्यांच्या बाबतीतही ज्ञानाची वाट पाहण्याची गरज उरलेली नाही. ते ज्ञान आपल्या गावात किती वापरले जाते, एवढेच मुलांनी शोधायचे आहे.